पाठ असलेला डोळा

बाबा नकली डोळे रंगवायचे. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून त्याच्या धड डोळ्यात तासन्‌तास बघायचे, बुबुळाची रेघन्‌रेघ उतरवायचे आणि पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे बारीक धागे चिकटवून शिरा करायचे. परक्यांच्या डोळ्यांत बघण्यात त्यांचा जन्म गेला. घरी मात्र जेवतानाही त्यांची मान वर नसायची.

आजारपणात आईचा डावा डोळा काढावा लागला. मी म्हटलं, "बाबा, तिलाही बसवा की खुर्चीत."

"चौतीस वर्षं संसार केलाय," बाबा माझ्यावर खेकसले. "तिचा डोळा मला पाठ आहे. तू मला शिकवू नकोस!"

आठवड्याभरात त्यांनी डोळा करून बसवला. काळाभोर, टपोरा, भोवती पांढराशुभ्र. आईने आरसा घेतला. तिचा उरलेला डोळा पिवळट आणि थकलेला होता, बुबुळाला राखाडी कड आली होती.

"लग्नात अस्साच होता," आई म्हणाली. "नंतर तुम्ही तो कधी बघितलाच नाही."

बाबांनी घाईघाईने खुर्ची पुढे ओढली. "बस. दुसरा करतो."

"असू दे हाच," आई म्हणाली. "निदान ह्याच्याकडे तरी तुम्ही कधीकाळी बघितलं होतं."