चापाला दोष नव्हता

पेजरवर काकांच्या हौगांगच्या घरचा नंबर लागोपाठ तीनदा आला, तेव्हाच मी समजले. मीटिंगमधून उठून कॉरिडॉरमधल्या फोनवरून नंबर फिरवला. शैलाकाकूंचा आवाज अगदी कोरडा होता. "सकाळी दहाला गेले, सुजाता. झोपेतच. तू सावकाश ये, आता घाई कशाची..." मी रिसीव्हर ठेवला आणि पुन्हा मीटिंगमध्ये जाऊन बसले. पुढची दहा मिनिटं तिथे काय बोलणं झालं, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. सदानंद तांडेल, म्हणजे आमचे तांडेलकाका, रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातले. वीस-बावीस वर्षं बोटीवर इंजिनिअर म्हणून काढली आणि मग इथे सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या कामावर स्थिरावले. मी पुण्याहून नोकरीसाठी नवी आले होते, बिशानला एका खोलीत भाड्याने राहत होते. गणपतीच्या जेवणात ते माझ्या शेजारी बसले होते. सुट्टीच्या दिवशी काय करता, असं मी सहज विचारलं, तर आमटीचा भुरका मारत म्हणाले, "गोळ्या झाडतो." पंगत हसली. पुढच्याच रविवारी ते मला नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेले. इथे बंदूक घरी ठेवायची सोयच नाही. रायफली क्लबच्या कोठारात कुलपाआड असतात, गोळ्या मोजून मिळतात आणि रिकामी पुंगळीसुद्धा परत द्यावी लागते. असला कडक कारभार काकांना मनापासून आवडायचा. "यंत्राशी लाडात यायचं नाही," म्हणायचे.

मला त्यांनीच शिकवलं. पहिला महिनाभर एकही गोळी न भरता नुसता चाप दाबायला लावला. "ओढायचा नाही गो. दाबत जायचा. गोळी कधी सुटली, ते तुझं तुलासुद्धा आधी कळता कामा नये." त्यांची स्वतःची लाडकी रायफल क्लबचीच होती. जुनी, बारीक गोळीची, एक गोळी सुटली की दुसरी आपोआप भरणारी. ती कुणी हातात घेत नसे, कारण तिचा चाप वाईट होता. जड, आणि मध्येच खरखरणारा. काका म्हणायचे, कारखान्यातून येणारा चाप रेडिमेड चपलेसारखा असतो. सगळ्यांच्या पायात जातो, बसत कुणालाच नाही. कमिटीची रीतसर परवानगी काढून त्यांनी स्वतःच्या खर्चाने नवा चाप बसवायचं ठरवलं, आणि मग कितीतरी रविवार ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टेबलावरच, आम्ही कॅटलॉग पसरून बसलो. मी सगळ्यात हलक्या चापावर बोट ठेवलं, तर त्यांनी मान हलवली. "ही रायफल स्वतःच गोळी भरून घेते. इतका हलका चाप असला, तर धक्क्याने नको तेव्हा दुसरी सुटेल. हलका नको, खरा हवा. आधी थोडा मोकळा सरकेल, मग एका जागी अडेल, आणि तिथून काच तुटावी तसा स्वच्छ तुटून गोळी सोडेल, असा."

तसा चाप पोस्टाने आला. कोठार सांभाळणाऱ्या टॅन अंकलनी तो त्यांच्यासमोर बसवला. मासे तोलायच्या ताणकाट्याची कडी चापाला अडकवून काका पुन्हा पुन्हा वजन बघायचे. दर वेळी सारखंच भरलं की लहान मुलासारखे खूश. त्या वर्षी क्लबच्या स्पर्धेत ते दुसरे आले. पहिला आलेला त्यांच्या निम्म्या वयाचा होता.

पुढच्या वर्षी त्यांच्या गोळ्या उजवीकडे जाऊ लागल्या. आधी थोड्या, मग कागदाच्या कडेपर्यंत. "चाप बिघडलाय," काका म्हणाले. टॅन अंकलनी तो उघडला, पुसला, स्प्रिंग बदलली. तरी तेच. पुन्हा उघडला. टॅन अंकल माझ्याकडे बघून त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत हळूच म्हणाले, "ट्रिगर ओके, लाह." काकांनी ऐकलं नाही. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. त्यांनी फॅक्स करून दुसऱ्या कंपनीच्या चापाची चौकशी सुरू केली. मी मात्र त्यांचा हात बघत होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसल्यासारखा झाला होता. कॉफीचा कप ते दोन्ही हातांनी धरू लागले होते. शर्टाचं वरचं बटण उघडंच राहायचं.

एका रविवारी त्यांनी ती रायफल माझ्या पुढ्यात ठेवली. "तू मार. आणि खरं काय ते सांग."

मी दहा गोळ्या मारल्या. चाप होता तसाच होता... थोडा सरकला, अडला, स्वच्छ तुटला. तसला चाप माझ्या बोटाला पुन्हा मिळाला नाही. काका माझ्या मागे उभे होते. मी वळले, त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "हो काका. जरा अडखळतोय खरा."

त्यांचे खांदे एकदम सैल झाले. "बघ! मी सांगत होतो!" म्हणाले. माझी पाठ थोपटली. माझा टार्गेटचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि त्याच आठवड्यात नव्या चापाची ऑर्डर दिली. तो यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत ते डॉक्टरकडे गेले नाहीत. मीही काकूंना काही सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवत होते, आज फोन करायचा. नवा चाप बसवला त्या दिवशी त्यांनी एकच गोळी मारली. दुसऱ्या गोळीला बोट चापावर होतं, पण दाबलंच जाईना. पालथं पडून नेम धरला होता, तसेच पडल्या पडल्या त्यांनी रायफल बाजूला ठेवली. मग म्हणाले, "चल, शैलाला सांगूया."

मज्जातंतूंचा आजार निघाला. हातांतून सुरू होऊन सगळं शरीर एकेक करून बंद पाडणारा. औषध नाही. मी हिंमत करून डॉक्टरांना विचारलं, तीन महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, फारसा फरक पडला नसता. त्या 'फारसा'ला धरून मी कित्येक महिने काढले.

शेवटी मीच बोलले. तोवर काका चाकांच्या खुर्चीत होते, जीभ जड झाली होती. मी म्हटलं, "काका, मी खोटं बोलले होते. चाप चांगला होता." ते हसले. हसणं मात्र पूर्वीचंच राहिलं होतं. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "त्याच दिवशी... कळलं. तुझी दहा भोकं... एका नाण्याखाली झाकली जात होती. अडखळणाऱ्या चापाने... कुणी असं मारतं का?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी श्वास गोळा केला. मग म्हणाले, "तीन महिने... मला हवे होते. चाप बिघडलेला असण्याचे. तू दिलेस."

मला रडू आवरेना. आणि माझे डोळे पुसायला त्यांचा हात उचलला जात नव्हता.

दिवसकार्य झाल्यावर मी हौगांगला काकूंकडे गेले होते. चहासाठी साखर काढायला स्वयंपाकघरातल्या कपाटाला हात लावला, तर दार नुसत्या स्पर्शाने उघडलं. काकू म्हणाल्या, "सगळी दारं तशीच आहेत. ह्यांचा डावा हात चालत होता ना, तेव्हा रोज एकेक खिटी काढून कानशीने घासायचे. कपाटं, बाथरूम, औषधाचा खण, सगळं. म्हणायचे, उद्या एवढाच जोर उरणार आहे, तेवढ्यात उघडायला हवं. मग तेवढाही उरला नाही..."

आम्ही चहा प्यायला बसलो. पंख्याच्या वाऱ्याने कपाटाचं दार आपोआप उघडलं. मी म्हटलं, "काकू, स्क्रू ड्रायव्हर द्या, घट्ट करून देते." त्यांनी मान हलवली. उठून दार लावलं आणि येऊन बसल्या. थोड्या वेळाने ते पुन्हा उघडलं. काकू पुन्हा उठल्या.