इंदूरचं पाणी आणि आमचे साडू

एखादी गोष्ट ठरवायला माणसाला जास्तीत जास्त किती वेळ लागू शकतो, याचा शोध कोणाला घ्यायचा असेल, तर त्याने आमच्या साडूंना भेटावं. त्यांच्यानंतर आणखी कोणाला भेटायची गरज पडणार नाही. मी हे रागाने म्हणत नाही. म्हणजे थोडं रागानेच म्हणतो, पण मोजून म्हणतो. मी बाजार समितीत वजनकाट्यावर नोकरीला आहे. अंदाजाने बोलायची मला सवय नाही. साडूंना छताचा एक पंखा घ्यायला दोन उन्हाळे लागले. पहिला उन्हाळा तीन पात्यांचा की चार पात्यांचा यात गेला, दुसरा पांढरा की तपकिरी यात. पंखा लागला तेव्हा घरात स्वेटर निघाले होते. एकदा श्रीरामपूरच्या स्टँडवर आम्ही दोघं नगरला जायला उभे होतो. एसटी समोर, बसायला भरपूर जागा, आणि हे खालीच. "चला की," मी म्हणालो. "थांबा दाजी. येवढी रिकामी का हाय गाडी? लोकांना कायतरी म्हाईत असंल." पुढची गाडी खच्चून भरून आली, तर म्हणे, "आता हिच्यात मानसानं शिरायचं कसं?" त्या दिवशी आम्ही चौथ्या गाडीने नगरला पोचलो, उभे राहून. आमची मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, म्हणते, "मला बघायला तीनदा आले होते हे. चौथ्यांदा आले तेव्हा आमच्या वडलांनी सुपारीच फोडली. नाहीतर अजून येतच असते."

आश्चर्य म्हणजे हाच माणूस कामावर अगदी वेगळा असे. जवळच्याच एका साखर कारखान्यात ते पंचवीस वर्षं पॅनवर होते. रस आटवून साखर धरायच्या त्या अजस्र भांड्याला कारखान्यात पॅन म्हणतात. दाणा बरोबर धरला का, ते काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडाकडे धरून बघायचं. क्षणभर उशीर झाला तरी सगळा माल बिघडतो. मी एकदा बघायला गेलो होतो. साडूंनी काच वर केली, एक डोळा मिटला, थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला आणि ओरडले, "सोडा!" संपलं. मी तिथेच मनात म्हणालो, या माणसाला पंखा घ्यायला दोन उन्हाळे का लागतात?

गेली काही वर्षं हंगाम आखडत चालला होता. चार महिने काम, आठ महिने घरी. अशात इंदूरच्या एका गोळ्या-चॉकलेटांच्या कंपनीने त्यांना बोलावलं. बारमाही काम, राहायला जागा. तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारपर्यंत होकार कळवा, नाहीतर दुसरा माणूस घेतो, असा निरोप. मेव्हणीने तो ऐकला आणि त्याच दिवशी निम्मी भांडी पोत्यात भरली. "इंदूर म्हणा, श्रीरामपूर म्हणा, मला दोन्ही चालतंय. पण एकदाचं ठरवा," ती म्हणाली. पुढचे तीन आठवडे ते घर एक तवा आणि दोन पातेल्यांवर चाललं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

साडू वही घेऊन आमच्याकडे आले. एका बाजूला फायदे, एका बाजूला तोटे, आणि लिहायचं मी. "तुमचं अक्षर चांगलं हाय, आन् तुमी खोटं लिहीत न्हाई." पहिल्या बैठकीत सत्तावीस मुद्दे झाले. सकाळी पोहे मिळतात, फायदा. रोज पोहेच मिळतात, तोटा. ओळखीचं कोणी नाही, हे त्यांनी दोन्हीकडे लिहायला लावलं. मी पेन खाली ठेवलं. "पाहुणे, एक मुद्दा एकाच बाजूला येतो."

"का बरं?"

"दोन्हीकडे लिहिला तर तो कटतो. मग लिहायचा कशाला?"

"दाजी, मानसाचा मामला हाय. कांद्याची गोनी न्हाई." आणि मला तो दोन्हीकडे लिहावा लागला. अखेरच्या बैठकीत एकेचाळीस फायदे आणि एकेचाळीस तोटे निघाले. मी तीनदा मोजले. साडूंच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की वही फेकून मारावीशी वाटली.

मधल्या काळात ते इंदूर बघूनही आले होते आणि येताना पाच लिटरचा कॅन भरून तिथल्या नळाचं पाणी घेऊन आले होते. खाली ठेवलं तर हिंदकळतं म्हणून कॅन सगळा प्रवास मांडीवर. त्यांचं म्हणणं असं की गाव कसं आहे ते पाण्यावरून कळतं आणि पाणी कसं आहे ते तुरीच्या डाळीवरून. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजते तिथे माणसाचा जीव रमतो. तेव्हा बेचाळिसावा मुद्दा डाळ ठरवणार. कॅन त्यांनी आमच्या ओट्याखाली ठेवला. प्रयोग रविवारी आमच्याच घरी, कारण लहान काटा माझ्याकडे आणि घड्याळही माझ्याकडे.

रविवारी मी एकाच डब्यातली डाळ दोनदा शंभर-शंभर ग्रॅम मोजली. पाणी मापाने घेतलं, एकात कॅनमधलं, एकात आमच्या नळाचं. साडूंनी कॅन उघडल्यावर त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि एक डोळा मिटला. मग कॅनच्या पाण्याचं पातेलं स्वतः उचलून गॅसवर उजवीकडे ठेवलं, नळाचं डावीकडे. मी घड्याळ लावलं. मेव्हणी दाराशी उभी, पदर तोंडाला. कॅनच्या पाण्यातली डाळ चौतीस मिनिटांत बोटाने दबली. आमच्या नळाच्या पाण्यातली एकेचाळीस मिनिटांनी. "सात मिनिटं!" साडू ओरडले, अगदी पॅनवर ओरडल्यासारखे, आणि तिथल्या तिथे इंदूरला फोन लावून येतो म्हणून सांगितलं. मेव्हणीने उरलेली भांडीही पोत्यात भरायला घरी धाव घेतली. मी वहीत लिहिलं: ३४, ४१.

ते गेल्यावर आमची ही भांडी घासता घासता म्हणाली, "अहो, एक सांगू का? शनिवारी नळ आला नव्हता आणि तुमच्या बाजार समितीतली माणसं आली होती. चहाला मी त्या कॅनमधलंच पाणी घेतलं. उरलेल्यात भाजी धुतली. मग पाणी आल्यावर कॅन भरून ठेवला."

"कुठल्या पाण्याने?"

"नळाच्या. दुसरं कुठलं?"

म्हणजे दोन्ही पातेल्यांत आमचंच पाणी. आणि मग मला गॅसकडे बघून दिसलं, जे आधी दिसायला हवं होतं: उजवीकडचा बर्नर मोठा आहे, डावीकडचा लहान. इतकी वर्षं काट्यावर काढून, काटा सपाट जागी आहे की नाही हेच मी बघितलं नव्हतं. माझ्या अक्षरातल्या खोट्या आकड्यावर एक कुटुंब गाव सोडत होतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मंगळवारी त्यांच्या घरी गेलो. टेम्पो दाराशी होता, साडू तिरप्या टोपीने दोऱ्या आवळत होते. मी सगळं सांगितलं, चहा, भाजी, बर्नर, आणि म्हणालो, "पाहुणे, प्रयोग चुकीचा झाला. अजूनही नको म्हणता येईल."

त्यांनी दोरीला गाठ मारली. "दाजी, पंचवीस वर्सं जिभंवर साखर पारखली मी. कॅन उघडला तवाच कळलं, ह्ये आपलंच पानी हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"आन् पातेलं मोठ्या बर्नरवर कुनी ठेवलं?"

ते माझी नजर चुकवून टेम्पोकडे बघत म्हणाले, "जायाचं तर हुतंच. तिचा चेहरा बघवंना. पर आपल्या तोंडानं जातो म्हनायला जीभ रेटंना. म्हन्लं, दाजींच्या घड्याळानं म्हनावं."

मी वजनकाट्याचा माणूस आहे. चुकीची नोंद दिसली की ती खोडून खरी लिहायची, हे माझ्या हाताला लागलेलं वळण. पण त्या वहीत ३४ आणि ४१ अजून तसेच आहेत. हात जात नाही.

आता आमचे रविवार वेळेवर सुरू होतात आणि वेळेवर संपतात. बाजार वीस मिनिटांत होतो. मी पहिल्या एसटीत बसतो, जागा मिळते, आणि नगरला लवकर पोचून काय करायचं हे सुचत नाही. दुपारी जेवायच्या वेळी इंदूरहून फोन येतो. परवाचा विषय होता कूलर: लोखंडी घ्यावा की प्लॅस्टिकचा. "दाजी, लोखंडी टिकतो, पर आवाज लई करतो. प्लॅस्टिकचा हलका हाय, पर हलका म्हंजे..." आमची ही ताटाकडे बोट दाखवत होती. भाकरी गार झाली होती. मी वही जवळ ओढली आणि म्हणालो, "हं, लिहितोय. पुढचा मुद्दा सांगा."