आत कोणीतरी आहे

गाणाऱ्याला तानसेन म्हणायचं आणि नुसतं ऐकणाऱ्याला कानसेन, ही चेष्टा जुनीच. या माणसाला ते नाव शाळेत चेष्टेनेच पडलं आणि आयुष्यभर चिकटलं. वयाच्या अकराव्या वर्षी तापात त्याचे डोळे गेले. नंतर घरातला पंखा कुरकुरायला लागला की कुठला स्क्रू ढिला झालाय, ते तो खाटेवर पडल्या पडल्या सांगायचा. मोठी बहीण स्टुलावर चढायची आणि कुरकुरत का होईना, तोच स्क्रू आवळायची. पंखा गप्प व्हायचा.

पुढे याच कानांवर त्याचं पोट चाललं. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. मशीन सुरू केल्यावर हार्ड डिस्क कशी कण्हते, पंखा कुठे अडखळतो, यावरून निम्मा आजार त्याच्या ध्यानात यायचा. उरलेला निम्मा, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्याला सांगायचा. लोक आधी बिचकायचे, मग त्याच्याशिवाय त्यांचं पान हलायचं नाही.

त्याला एकदा अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका संस्थेतून बोलावणं आलं. व्यवस्थापक घाईतला माणूस होता. चालता चालताच बोलत होता.

"मागच्या खोलीत एक जुनं मशीन आहे. पुस्तकांची यादी, तीनशे वाचकांचे पत्ते, कुणाकडे कुठलं पुस्तक गेलंय, सगळं त्यात. तो यादीचा प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालत नाही. आणि या जुन्यावर सुरक्षेची अपडेट बसत नाहीत. सतरा अडकलीत. महिनाअखेरपर्यंत बसली नाहीत तर मुख्य कार्यालय हे मशीन नेटवर्कमधून तोडणार."

"कधीपासून बसत नाहीयेत?"

"बाई गेल्यापासून. आठ महिने."

बाई म्हणजे संस्थेच्या ग्रंथपाल. त्याही अंध होत्या. यादी त्याच सांभाळायच्या आणि ब्रेल पुस्तकांवरून बोटं फिरवत तीच पुस्तकं माइकसमोर वाचायच्या. एके दिवशी दुपारी वाचता वाचता खुर्चीतच कोसळल्या. त्यांना दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत. हे सगळं त्याला शिपाईमामांनी कुलूप उघडता उघडता सांगितलं.

"तेव्हापासून खोली बंदच आहे, कानसेनभाऊ. मशीन तेवढं चालू असतं, यादीसाठी. पुढच्या ऑफिसातून बघतात सगळे. इथे कुणाचं काही काम पडत नाही."

खोली लहान होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जाड फोम लावलेला होता, त्यामुळे आत पाऊल टाकल्याबरोबर स्वतःचा आवाजसुद्धा अंगाजवळच राहिला. कानसेनला अशा खोल्या आवडत नसत. आवाज भिंतीवर आपटून परत आला की त्याला खोली समजायची. इथे काहीच परत येत नव्हतं. चाचपडत तो खुर्चीत बसला. समोर कीबोर्ड, त्याच्या डाव्या हाताला माइक आणि उजवीकडे टेबलावर उघडं पडलेलं ब्रेल पुस्तक. त्याने स्पीकर चालू केला.

वाचून दाखवणारा आवाज बाईंनी निवडलेला होता. सावकाश बोलणारा, जरा घोगरा. कानसेनने आधी सगळ्यात लहान अपडेट निवडलं. ते ध्वनियंत्रणेचं होतं, पाच मिनिटांचं काम. आवाजाने टक्के मोजायला सुरुवात केली. दहा. वीस. पस्तीस. मग तो थांबला आणि त्याच संथ सुरात म्हणाला, "आत कोणीतरी आहे."

कानसेनचा हात कीबोर्डवरच राहिला. असल्या वेळी मशीन काय बोलतं ते त्याला पाठ होतं. बिघाड झाला तर बिघाडाचा आकडा सांगतं. त्याने शेवटची ओळ पुन्हा वाचायची कळ दाबली.

"आत कोणीतरी आहे."

"कोण आहे?" त्याने खोलीला विचारलं. विचारून झाल्यावर स्वतःचाच राग आला. तरी तो उठला, चारही भिंतींना हात लावून आला, दारामागे पाहिलं. कुणी नव्हतं. दाराबाहेर येऊन त्याने शिपाईमामांना हाक मारली आणि पडद्यावर काय आहे ते वाचायला सांगितलं.

"आठ आकडे आहेत," मामा म्हणाले. "बाकी काही नाही."

"वाक्य नाही?"

"कसलं वाक्य?"

त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, अपडेट पुन्हा लावलं. पस्तीस टक्क्यांवर तेच झालं. मग मात्र त्याने पिशवी उचलली आणि उरलेलं उद्या बघतो म्हणून घर गाठलं.

घरी बायकोने विचारायच्या आधीच तिला कळलं होतं. चपला जागेवर न काढता तो आत आला होता.

"काय झालं हो?"

त्याने सांगितलं. ती आधी हसली. मग त्याच्याकडे बघून हसायची थांबली.

"मी येते उद्या," ती म्हणाली. "मला दिसतं तरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं त्या खोलीत शेजारी शेजारी बसले. त्याने तेच अपडेट लावलं. आवाज म्हणाला, "आत कोणीतरी आहे." त्याच क्षणी बायकोने त्याचा दंड धरला.

"आकडाच आहे, अहो. आठ आकडी. हा बघा, शेवटी बत्तीस." तिचा आवाज खाली आला होता. "आपण निघू या का?"

"एक बघतो. मग निघू."

त्याने ते लहान अपडेट सोडलं आणि यादीतलं सगळ्यात मोठं लावलं. हे पस्तीसपर्यंतही गेलं नाही. चार टक्क्यांवर अडलं आणि आवाज म्हणाला, "पाऊल ठेवायला जागा नाही."

बायकोची बोटं आणखी घट्ट झाली. मग ती म्हणाली, "हा आकडा वेगळा आहे. याच्या शेवटी बारा आहे."

कानसेन सरळ बसला. आकडा बदलला तसं वाक्यही बदललं होतं. आणि पाऊल ठेवायला जागा नाही, म्हणजे दुसरं काय असणार? त्याने हार्ड डिस्क तपासली. ती खरोखरच जवळजवळ भरली होती, मोठं अपडेट उतरायला तिच्यात जागाच नव्हती.

"उच्चारांची यादी," तो म्हणाला.

वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला एक सोय असते. एखादा शब्द तो चुकीचा उच्चारत असेल तर तो शब्द कसा म्हणायचा, ते त्याला लिहून देता येतं. डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे उच्चार. कानसेनने ती यादी उघडली आणि बायकोने वाचायला घेतली. डाव्या बाजूला आठ आठ आकडे, उजवीकडे वाक्यं. अशी चाळीसएक. घड्याळ खोटं बोलतंय. अर्धवट आलंय, पुन्हा आणायला जा. कुलूप बदललंय, किल्ली जुनीच आहे. वरच्यांना विचार.

हे मशीन वर्षानुवर्षं बाईंनाही असंच छळत आलं होतं. डोळस माणूस चिठ्ठी लिहून पडद्याच्या कडेला चिकटवतो. बाईंनी प्रत्येक बिघाडाचा अर्थ थेट मशीनच्या तोंडात घालून ठेवला होता. बायको वाचता वाचता हसायला लागली. तिच्या हसण्यात भीतीच जास्त होती.

"मग आत कोणीतरी आहे, म्हणजे?"

"म्हणजे जी फाइल बदलायची आहे, ती दुसरा एखादा प्रोग्रॅम वापरतोय. तो धरून बसलाय म्हणून अपडेटला त्या फाइलला हात लावता येत नाही."

चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी त्याने एकेक करून ऐकली. धरून बसलेला सापडला. तो आवाज टिपणारा प्रोग्रॅम होता, रेकॉर्डर. बाईंनी तो असा लावून ठेवला होता की मशीन सुरू झालं की तोही सुरू व्हायचा, आणि खोलीत आवाज झाला तरच टिपायचा, आवाज थांबला की थांबायचा. वाचताना दरवेळी कळ शोधायला नको म्हणून. त्या कोसळल्या तेव्हा तो चालू होता. नंतर तो कुणी बंदच केला नव्हता.

अपडेट अडतं ते त्याच्यामुळे. डिस्क भरली तीही त्याच्याच फायलींनी. दोन्ही बिघाडांचं मूळ एक निघालं. कानसेनचा हात तो बंद करायला पुढे गेला आणि मध्येच थांबला.

"मामा म्हणाले खोली आठ महिने बंद आहे," तो हळूच म्हणाला. "आवाज झाला तरच हा टिपतो. मग डिस्क कशाने भरली?"

बायकोने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

आठ महिन्यांपूर्वीची फाइल त्याने आधी लावली. बाईंचा आवाज आला, वयस्कर आणि स्वच्छ. त्या नववं प्रकरण वाचत होत्या. एका वाक्याच्या मध्ये त्या थांबल्या. खुर्ची करकरली. बराच वेळ श्वास, मग दूरवरून पावलं, आणि शिपाईमामांचा आवाज, "बाई? बाई, काय होतंय?"

त्यानंतरची फाइल सोळा दिवसांनंतरची होती. तिच्यात माणसाचा आवाज नव्हता. नुसती बारीक, कोरडी खसखस. ती डावीकडून उजवीकडे सरकत जायची, क्षणभर थांबायची, झर्रकन परत यायची, पुन्हा सरकायची. बायकोला ती वाऱ्याची वाटली. वर भिंतीत हवेची झडप होती, ती किलकिली होती, टेबलावर पुस्तक उघडं पडलेलं. कानसेनने मात्र डोकं खाली घातलं. अकराव्या वर्षापासून तो हा आवाज रोज ऐकत आला होता, स्वतःच्याच हाताखाली. ब्रेलच्या ठिपक्यांवरून बोट फिरतं तेव्हा असं वाजतं. त्याने ओळी मोजल्या. पंचवीस झाल्या आणि जाड कागदाचं पान उलटल्याचा आवाज आला.

पुढच्या महिन्याची फाइल, त्याच्या पुढची, सगळ्या तशाच. पुढे पुढे बोट सावकाश चालत होतं, जणू पुस्तक संपू नये असं वाटावं. कालच्या तारखेच्या फाइलीत एका घाबरलेल्या माणसाचा आवाज निघाला, "कोण आहे?" आपलाच आवाज ओळखायला कानसेनला वेळ लागला.

त्याने उजवीकडे हात नेला. टेबलावर धुळीचा थर होता, बोटांना चरचरीत लागणारा. पानावर धूळ नव्हती. उघड्या पानावरच्या ओळी त्याने वाचल्या. बाई नवव्या प्रकरणात थांबल्या होत्या. पुस्तक शेवटच्या प्रकरणात उघडं होतं. उजव्या बाजूची उरलेली पानं त्याने चिमटीत धरून पाहिली.

"किती?" बायकोने विचारलं. तिला कसं कळलं तो काय मोजतोय, देव जाणे.

"ही बाजू आणि पुढे दोन पानं."

"महिना संपायला किती दिवस आहेत?"

"चार."

भित्री म्हणून घरात तिची थट्टा व्हायची. झुरळ दिसलं तरी ती पलंगावर चढायची. आता तिने पदर खोचला, त्याची पिशवी उचलली आणि म्हणाली, "दोन पानं तर राहिलीत. होऊ द्या की मग. आपली काय घाई आहे?"

त्याने रेकॉर्डर तसाच चालू ठेवला. शिपाईमामांकडून खोलीला कुलूप घालून घेतलं. व्यवस्थापक म्हणाला, "म्हणजे झालं नाही?" कानसेन म्हणाला, "कारण सापडलंय. तीन दिवस खोली उघडू नका, मशीनला हात लावू नका." व्यवस्थापकाने त्याचा काहीतरी तांत्रिक अर्थ लावला आणि मान डोलवली.

ते तीन दिवस कानसेनने दुसरं काम घेतलं नाही. घरात बसून राहिला. जेवताना घास हातात धरून कान देऊन बसायचा आणि बायको म्हणायची, "इथून नाही ऐकू यायचं. जेवा."

चौथ्या दिवशी सकाळी दोघं गेले. मामांनी कुलूप उघडलं आणि ते पुढे चहा आणायला गेले. कानसेन खुर्चीत बसला आणि आधी उजवीकडे हात नेला. पुस्तक मिटलेलं होतं. दोन्ही कडा नीट जुळवलेल्या. रेकॉर्डरमध्ये तीन नवीन फायली होत्या, शेवटची कालच्या दुपारची. त्यानंतर काही नाही. ती शेवटची त्याने लावली नाही. बायकोने दोनदा विचारलं, तरी लावली नाही.

मग त्याने रेकॉर्डर बंद केला, मशीनबरोबर आपोआप सुरू व्हायची त्याची सवय काढून टाकली आणि आठ महिन्यांच्या फायली पुसल्या. बाईंचं वाचन असलेली तेवढी दुसरीकडे काढून ठेवली. डिस्क मोकळी झाली. ध्वनियंत्रणेचं अपडेट पहिल्या झटक्यात बसलं. मोठं बसायला पाऊण तास लागला. दुपारी तीनपर्यंत मशीन पाच वेळा बंद चालू झालं आणि सतराच्या सतरा अपडेट बसली. आवाजाने शेवटी सांगितलं की आता बाकी काही नाही.

व्यवस्थापक खूश झाला. नक्की काय बिघडलं होतं, असं त्याने विचारलं. "एक प्रोग्रॅम बंद करायचा राहून गेला होता," कानसेन म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पुस्तक कुणी मिटलं, हे त्याने मामांना विचारलं नाही. मामाच मिटून गेले असतील, असं बायको पुढे नातेवाइकांत ही गोष्ट सांगताना म्हणायची. मग जरा थांबून, कुलूप तर आमच्या समोरच लागलं आणि आमच्या समोरच उघडलं, असंही म्हणायची. तो अशा वेळी उठून आतल्या खोलीत जायचा.

ते मशीन आणखी दीड वर्ष चाललं. यादी नव्या मशीनवर नेता आली तेव्हा ती नेणारा कानसेनच होता. जुनं तुम्हीच घेऊन जा, सुटे भाग कामाला येतील, असं व्यवस्थापक म्हणाला. त्याने आभार मानले, पेटीवरून एकदा हात फिरवला आणि रिकाम्या हातानेच घरी आला.