पानं गुंडाळणारी अळी

रोपवाटिकावालीला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. सासरे गेल्यावर रोपांचा पसारा तिच्यावरच पडला. नवरा कायम ट्रकवर, आणि दीर होता तो फक्त सल्ले द्यायला. त्या वर्षी पेरूच्या कलमांवर पानं गुंडाळणारी अळी पडली आणि वहिनीच्या नाकी नऊ आले. कोवळं पान धाग्यांनी शिवून ती आत निवांत चरायची. औषध फवारलं तर वरूनच ओघळून जायचं. चिमटीत धरावी, तर मागच्या मागे सरकून धाग्याला लोंबकळत पसार!

"वहिनी, औषध बदलून बघा," दीर ओट्यावरून म्हणाला.

"तुम्ही जागा बदला भाऊजी. उठा, पानं खुडा."

या अळीची अंडी घालणारे बारके तपकिरी पतंग येत होते भिंतीपलीकडच्या शिंपीकाकांच्या पेरूवरून. छाटणी करा म्हणून तिने परोपरीने विनवलं. काकांचं एकच, "त्या झाडाला कात्री लागणार नाही. हिने लावलंय ते." काकू जाऊन फार काळ झाला नव्हता, म्हणून वहिनी गप्प बसायची.

पण एका गिऱ्हाइकाने चुरगळल्या पानांची रोपं परत आणून आपटली, तेव्हा तिचं डोकं फिरलं. कात्री घेऊन ती भिंतीवर चढली आणि हाताला येईल ती फांदी छाटत सुटली.

"अगं ए! उतर खाली!" काका धावत आले.

"उतरते. आधी हे बघा!" भिंतीवरून वाकून तिने एक गुंडाळी त्यांच्या तळहातावर उलगडली.

काकांनी हात डोळ्यांशी नेला. "मला कुठे दिसतंय गं आता?"

तेवढ्यात अळी वळवळली. काकांनी हात झटकला. "हिच्या झाडात हे?" म्हणत ते मटकन पायरीवर बसले. भांडायच्या तयारीने आलेल्या वहिनीला आता राग कोणावर काढावा तेच कळेना.

काकांनी छाटणीला होकार दिला. कापलेल्या फांद्या तिने जाळल्या. तरी थोड्याच दिवसांत कलमांवर नव्या गुंडाळ्या! पतंग आता रस्त्याकडेच्या झाडांवरून येत होते. वहिनीने कात्री भिरकावली आणि दाराआड जाऊन मनसोक्त रडली.

हल्ली काका मदतीला येतात. चाचपून गुंडाळ्या शोधतात, पण सोबत धडधाकट शेंडेही खुडून टाकतात. वहिनी दातओठ खाते, अन् त्यांच्यासाठी स्टूल सावलीत सरकवते.