झरोक्याखालची जागा

माझ्या वाट्याला धान्याच्या कणगीजवळची जागा आली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. केस पिकले, दात पडले, नातवंडं झाली, पण कुणी म्हणालं की पोरीला घरी शिकवतोय, की मी पहिलं विचारते, "जागा कुठली दिलीय तिला?" माणसं तोंडाकडं बघत राहतात. म्हातारी काहीबाही बोलते म्हणतात. म्हणू द्या.

जागेचं असं होतं. आमचं गाव धर्मापुरीच्या अंगाला, घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. भिंती मातीच्या, हातभर जाड, आणि खिडकी म्हणाल तर नावाला नाही. पुढं आप्पांचं गूळ-तेल-हळदीचं दुकान, मागं एकच लांबोडी खोली. तिच्या एका टोकाला चूल. माळवदाला मधोमध टोपलीएवढा झरोका होता, घरात जो काय उजेड यायचा तो तेवढ्यातूनच. सकाळी उन्हाचा तुकडा मावळतीच्या भिंतीवर पडायचा. मग खाली उतरून जमिनीवरून सरकत सरकत दुपारी मधोमध यायचा, आणि दिवस कलला की उगवतीकडच्या कणगीवर चढून नाहीसा व्हायचा. आमची शाळा त्या तुकड्याच्या मागं मागं चालायची.

शाळा आत्याची. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. तिच्या सासऱ्यांना शिकवायला घरात पोरगं उरलं नाही, म्हणून त्यांनी सुनेलाच समोर बसवून अक्षरं आणि पाढे शिकवले होते. तेवढी एकच कमाई घेऊन ती परत आली. आमच्याकडं तेव्हा निजामाचं राज्य. मदरसा तालुक्याच्या गावी, आणि तिथं सगळं उर्दूत. आप्पा म्हणायचे, उर्दू लागंल तवा शिकतील, पण दुकान चालवायला पाढे मराठीतच लागतात. आणि दुकानापुढच्या ओट्यावर बसून बाईनं शिकवायचं म्हणजे गावाला तमाशा. त्यामुळं आम्ही चार पोरं आत अंधारात, आणि अंधारात ते एवढंसं ऊन.

चौघं चार वयांची. उन्हाचा तुकडा एक. आत्यानं त्याच्या वाटण्या केल्या. सकाळी भिंतीजवळ दादा, कारण त्याला नंतर दुकानात बसायचं असे. मग ऊन खाली उतरलं की धाकटी, हातात धूळपाटी घेऊन. ती धुळीत अक्षर कमी आणि चिमण्यांचे पाय जास्त काढायची. ऐन दुपारी मधोमध माझ्या पाठचा भाऊ. आणि सगळ्यांचं उरकल्यावर, कणगीच्या पोटावर चढणाऱ्या उन्हात, मी. तिथं ऊन टिकायचंच नाही. पाटीवर चार अक्षरं काढली न काढली की उजेड कणगीवर, आणि मी खाली अंधारात. कणगीला शिकवलं असतं तर ती पंडित झाली असती.

"माझ्याच वाट्याला मरतुकडं ऊन कावून?" मी आत्याला विचारायची.

"तुला लवकर येतं म्हणून," ती म्हणायची. "तुझ्या पाठच्याला लई वेळ लागतो. त्याला मोठं ऊन द्यावं लागतं."

हे खरं होतं, पण लवकर येणाऱ्याला कमी द्यायचं हा कुठला न्याय? मी फणफणत राहायची.

प्रत्येकाच्या जागेवर आत्या तांबड्या कावेनं एक रेघ ओढायची. ऊन रेघेला शिवलं की त्यानं येऊन बसायचं, ऊन रेघ सोडून गेलं की उठायचं. थंडीच्या दिवसांत ऊन एकीकडं लवतं, उन्हाळ्यात दुसरीकडं, म्हणून सणासुदीला रेघा पुसून नव्या मारायच्या. आणि जमीन सारवणार आमची माय. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, एकही नाही. पण कुठली रेघ कुणाची हे तिला पक्कं ठाऊक. सारवताना तिचा हात रेघेपाशी आला की वळून जायचा, आणि शेण-मातीच्या ओल्या जमिनीत चार तांबड्या रेघा तेवढ्या कोरड्या राहायच्या.

आता भावाचं सांगते. सांगायलाच बसले आहे.

तो आळशी होता. लई आळशी, आणि त्याहून जास्त लाडका. मोठ्या उन्हात मांडी घालून बसायचा, डोळे मिटायचा, आणि आत्यानं ओरडलं की म्हणायचा, "डोळे मिटले तरी तांबडं दिसतंय आत्या, बघ की तू पण." आत्या मारायला हात उचलायची आणि हसायची. अक्षरं त्याला जोडाक्षरापर्यंत आली होती. पाढे झाले, पावकी झाली, निमकी झाली, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळं रडतखडत झालं, आणि अडीचकीवर, म्हणजे अडीचच्या पाढ्यावर, गाडं रुतलं. रोज दुपारी तो अडीचकी सुरू करायचा. एक अडीच अडीच, दोन अडीच पाच, असं झोके घेत वर चढायचा. नेमकं त्याच वेळी चुलीवर भाकरी फुगायच्या आणि वास सुटायचा. सात अडीच साडेसतरा म्हटलं की त्याचं तोंड चुलीकडं वळायचं, आणि त्याच सुरात, त्याच तालात, जणू पाढ्यातलंच आहे असं तो विचारायचा, "माय, भाकर झाली का?"

"झाली, ये," माय म्हणायची.

आणि तो उठायचा. रोज. साताच्या पुढं तो कधी गेलाच नाही. आत्या मायवर चिडायची, "अगं, जरा थांबून भाज की! आठाला भाज, नवाला भाज!" माय पदराआड हसायची, पण भाकरी तिच्या साताच्याच ठोक्याला तयार असायची.

पावसाळ्यात झरोक्यावर फुटकी परात पालथी घालत, म्हणजे शाळा तोंडी. त्या वर्षी पाऊस सरत आला आणि परात काढायच्या आधी गावात साथ आली. तापाची. घरटी माणूस आडवं होत होतं. आमच्यात दादा पडला आणि उठला, मी पडले आणि उठले. तो पडला. तापात त्याला उजेड सोसवत नव्हता, म्हणून परात तशीच राहू दिली. मायनं त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही. आणि एका सकाळी तो मांडीवरच गेला. आम्ही सगळे तिथंच होतो. आत्या म्हणाली, "दे आता इकडं," आणि माय म्हणाली, "झोपलाय. उठवू नका."

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि निजवून नाही, बसवून. मांडी घालून, हातात लिंग देऊन. जंगम आले, भस्म लावलं, बेल वाहिला. तो तसाच बसला होता, जसा रोज बसायचा. डोळे मिटून. आप्पांनी मातीची पहिली मूठ टाकली आणि तिथंच खाली बसले.

साथ ओसरल्यावर आत्यानं माळवदावर चढून परात काढली. म्हणाली, पोरांना कामाला लावलं नाही तर घर वेडं होईल. शाळा सुरू झाली. सकाळी दादा भिंतीपाशी, मग धाकटी. मग ऊन मधोमध आलं, भावाच्या रेघेला शिवलं, आणि तिथं कुणी बसलं नाही. इतकं लख्ख ऊन, आणि रिकामं. आम्ही तिघं भिंतीला टेकून त्या उन्हाकडं बघत होतो.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा आप्पाच म्हणाले, "आक्का, ती जागा पोरीला द्या. उद्या सासरी जाईल, तवर चार अक्षरं जास्तीची होतील."

आत्यानं मला खूण केली. मी पाटी घेऊन निघाले. अर्ध्या वाटेत माय चुलीपुढून उठून आली आणि आडवी झाली.

"ती जागा त्याची हाय."

"अगं पण..." आप्पा म्हणाले.

"त्याची हाय म्हटलं ना! तिथं खड्ड्यात बसवून ठिवलाय तुमी त्याला. अंधारात. त्याला उजेड लई आवडायचा. हितलं तरी ऊन त्याचं राहू द्या."

आप्पा दुकानात निघून गेले. मी परत कणगीशी. मला रडू आलं ते भावासाठी की उन्हासाठी, मला खरंच सांगता येत नाही. दोन्हीसाठी असेल. त्या दिवसापासून मायनं सारवताना नुसती रेघ नाही, त्याची सगळी जागाच सोडायला सुरुवात केली. तिथली जमीन भेगाळली, पोपडे धरले. येणारी-जाणारी बाई विचारायची आणि माय पुढं सारवत राहायची.

मग एका दुपारी, ऊन मधोमध आलं तेव्हा, मायनं हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला, आणि त्या पोपड्यांवर जाऊन बसली. मांडी घालून. आत्यासमोर.

"आक्का, तो कुठवर आलता?"

आत्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "अडीचकीत होता."

"मला तिथवर न्या."

"अगं, तुला एक-दोन येईना पाटीवर. पहिल्यापासून यावं लागंल."

"येते की. पहिल्यापासून येते. पर तिथवर न्या मला. त्याला काय काय ठावं होतं, ते मला ठावं नको? नऊ महिने पोटात होता, मांडीवर होता, आन त्याच्या डोस्क्यात काय होतं ते मला एक अक्षर म्हाईत न्हाई."

आत्यानं धूळपाटी पुढं ओढली आणि मायचं बोट धरून धुळीत पहिला आकडा काढला. भाकरी थापून थापून जाड झालेलं ते बोट.

आता मायची शाळा दुपारी, म्हणजे दुपारच्या भाकरी कोणी करायच्या? आल्या माझ्या गळ्यात. पीठ मळा, थापा, भाजा, आणि मग धुरानं डोळे चोळत कणगीच्या उरल्यासुरल्या उन्हात जाऊन बसा. मी आदळआपट करायची. एकदा तवा असा आपटला की दुकानातून आप्पा धावत आले. त्यांनी चुलीपुढं मला बघितलं, उन्हात मायला बघितलं. माझ्या शेजारी बसले आणि जाळ सारखा करू लागले. पुढं कितीदा तरी दुकान दादावर टाकून ते तसे येऊन बसत. आप्पांनी चुलीपुढं बसलेलं गावानं पाहिलं असतं तर काय काय बोललं असतं!

माय हळू शिकली. आत्या म्हणायची, पोरगं हिच्यावरच गेलं होतं. पण ती हटली नाही. जात्यावर पाढे, विहिरीवर पाढे, धुणं आपटताना पाढे. अक्षरं जोडाक्षरापर्यंत आली. ऊन थंडीच्या बाजूला लवलं, परत आलं, झरोक्यावर परात पडली, परात निघाली. पावकी झाली, निमकी झाली. ज्या दिवशी दिडकी संपली, त्या दिवशी आत्यानं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, जसा आमच्या ठेवायची. मायनं तो पदरात बांधला. खाल्ला नाही.

आणि मग अडीचकी आली आणि माय चुकायला लागली. सहा अडीच पंधरा हे तिला येईना. चौदा म्हणायची, सोळा म्हणायची. परत पहिल्यापासून. मला चुलीपुढं हसू यायचं नि रागही यायचा, कारण आमच्या थोड्याशा रानात बायांची मजुरी वाटून देताना तीच माय बोटांवर पटापट सगळा हिशेब करायची. मी एकदा ओरडले, "पंधरा गं माय, पंधरा!" तर आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी तव्याकडं वळले.

नंतर आत्यानं मला कणगीजवळ घेऊन सांगितलं. "तिला येतंय सगळं. तिला साताला पोचायचं न्हाई. पोचली की संपलं. मग त्याच्यातलं आणखी काय राहतं तिला शिकायला?"

त्यानंतर मी ओरडले नाही. भाकरी करत राहिले. माय रोज सहापर्यंत यायची आणि चुकायची, आणि आत्या रोज म्हणायची, "बरं, उद्या."

शेवटी एका दुपारी, का ते मला माहीत नाही, काही सण नव्हता की काही नव्हतं, माय नेहमीसारखी झोके घेत वर चढली. पाच अडीच साडेबारा. सहा अडीच पंधरा. माझा हात तव्यावर तसाच राहिला. आप्पांनी जाळ घालायचं थांबवलं. मायनं डोळे मिटून घेतले होते, तोंड वर उन्हात.

"सात अडीच साडेसतरा."

मग तिचं तोंड चुलीकडं वळलं, आणि त्याच सुरात, त्याच तालात ती म्हणाली, "माय, भाकर झाली का?"

आत्यानं तोंडात पदर कोंबला. आप्पा भिंतीकडं वळले. उत्तर द्यायला मी तेवढी उरले होते.

"झाली, ये," मी म्हणाले.

माय उठली. येऊन माझ्यापुढं बसली आणि मी वाढलेली भाकरी तिनं सगळी खाल्ली. आत्यानं विचारलं, "पुढं न्हाई शिकायचं? आता तर सोपं हाय." मायनं मान हलवली. "पुढचं त्याला येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती जागा सारवली. पोपडे उकरले, भेगा बुजवल्या, रेघेवरूनही हात फिरवला. जमीन वाळली, ऊन मधोमध आलं, तशी तिनं माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि मला उन्हाकडं ढकललं.

"बस," ती म्हणाली. "आठपासून म्हण."