रिकाम्या मुठीची पेरणी

कपाट आवरताना बुरशी चढलेली एक व्हिडिओ कॅसेट सापडली आणि कृषी विद्यापीठातला आमचा चित्रीकरणाचा वर्ग आठवला. परीक्षेसाठी सरांनी कॅमेरा देऊन वालूर गावात पेरणी टिपायला पाठवलं होतं. पेरणीच्या तिफणीमागं चालत तिच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, मुठीनं बी सोडणाऱ्या गयाबाईंना मी मनासारखं चित्र मिळेपर्यंत तीनदा चालायला लावलं.

सरांनी ती फीत आधी गावातच दाखवली. बाया हसायला लागल्या. "बी कुठं पडायलंय? मूठ तर रिकामी हाय!"

गयाबाई म्हणाल्या, "एकाच जागी तीनदा बी कोण सोडतंय?"

सरांनी मला नापास केलं नाही. दुसऱ्या दिवशी कॅमेरा काढून घेतला आणि गयाबाईंच्या हाताखाली दिवसभर पेरायला लावलं. तेव्हा ती शिक्षा वाटली. आता शिकवताना मीही कॅमेरा नंतरच देतो.