गोदामाच्या फाटकावरचा प्रश्न

तंजावरात केबल टीव्ही नुकताच आला होता, तेव्हाची गोष्ट. पापनाशमच्या धान्यगोदामाचा राखणदार फाटकाशी आलेल्याला ‘कोण रे?’ असं विचारतच नसे. ‘साप्टाच्चा?’ विचारी, म्हणजे जेवलास का? ‘नाही’ म्हणणाऱ्या बायकांना तो सांडलेले दाणे झाडून नेऊ देई. मी हसलो, तर मिशीला पीळ देत म्हणाला, “राव, उपाशी माणूस काठीला भीत नाही. त्याच्याशी सलोखाच बरा!”

एका लग्नात मी त्याची मिशीसकट नक्कल केली, दाणे नेणाऱ्या बायकांसकट. पंगतीत गोदामाचे साहेब होते. सगळ्यांत जास्त तेच हसले. आठवड्यात राखणदाराची नोकरी गेली.

मी माफी मागायला गेलो. तो म्हणाला, “तुम्हाला सांगता छान येतं, राव. त्या बायकांना तेवढं सांगा, नव्या माणसाकडे बंदूक आहे.”